बावन्नावा दिवस

सासूबाईंना स्वप्न पडलं मंगळवारी पहाटे, आणि सकाळी सातच्या आत ते तीन घरी पोचलंही.

विहिरीतून बादली ओढताना हातभर लांबीचा सोनेरी मासा उसळून थेट त्यांच्या ओच्यात पडला, आणि काही केल्या बाहेर जाईना. घरात कुणाला दिवस गेले की असं स्वप्न पडतं. जिला दिवस गेले तिलाच पडतं असं मात्र नाही. आईला पडतं, सासूला पडतं, कधी शेजारणीलाही पडतं. थोरल्या सुनेच्या, म्योंगसुकच्या वेळी सासूबाईंना वेलीवरचा भोपळा दिसला होता, आणि वर्षाच्या आत नातू मांडीवर आला. तेव्हा स्वप्न खरं की खोटं हा प्रश्नच नव्हता. मासा कुणाचा, एवढंच ठरायचं होतं. म्योंगसुकचं ऑपरेशन झालेलं. सासूबाईंची लेक दासोम बावीस वर्षांची, ग्वांगजूला कॉलेजात, लग्न अजून व्हायचं. तिचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही. उरली धाकटी सून, हेरिम.

"अगं हेरिम, शेवटची पाळी कधी आली होती तुझी?" फोनवर हॅलोसुद्धा न म्हणता सासूबाईंनी विचारलं.

आठवत नाही म्हणायला हवं होतं. पण ती अर्धवट झोपेत होती, आणि आकडा तिच्या जिभेवरच बसलेला असायचा.

"आज अठ्ठेचाळिसावा दिवस, आई."

पलीकडे मग सासूबाई रडायलाच लागल्या.

अठ्ठेचाळीस दिवसांना हेरिमच्या बाबतीत काही अर्थ नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिची पाळी पहिल्यापासून लहरी. कधी पस्तिसाव्या दिवशी, कधी साठाव्या. एकदा तर तीन महिने फिरकलीच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि प्रत्येक उशिरात तिला सगळं काही होत आलं होतं. छाती जड व्हायची, दुपारी डोळे मिटायचे, भाताच्या वाफेनं ढवळून यायचं. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "हे सगळं पाळी येण्याआधीही होतं. तुमच्या तारखांवरून काही ठरवू नका. शंका आली की सरळ चाचणी करा." अकरा वेळा केली. अकरा वेळा एकच रेघ. बारावी पट्टी तशीच कपाटात पडून होती. न उघडलेल्या पट्टीवर निदान ती एकटी रेघ तरी नसते.

शनिवारी हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला सगळ्या बोलग्योला सासरी जमल्या. अंगणात खारवलेल्या कोबीचे डोंगर, मिरचीच्या मसाल्यानं भरलेली घमेली, आणि गुलाबी रबरी हातमोजे घातलेल्या बायका. हेरिम हातमोज्यांकडे वळली तशा सासूबाई ओरडल्या, "खबरदार! तू बस. मुळ्याला हात लावायचा नाही, वाकायचं नाही."

"आमच्या वेळी कुठे होते असे लाड?" म्योंगसुक कोबीचं पान न् पान उलगडत म्हणाली. "आठव्या महिन्यात दीडशे गड्डे धुतले मी."

"तुला भोपळा होता ना गं, भोपळ्याला काय धाड भरलीय!" शेजारच्या चूनजाकाकू खो खो हसल्या. "हा मासा आहे, निसटायचा! काय गं हेरिम, आंबट खावंसं वाटतं की नाही?"

"वाटतं थोडं," हेरिम म्हणाली.

आणि खरंच वाटत होतं. उबदार ओट्यावर बसवलेली ती, पाठीला उशी, सगळ्यांच्या नजरा पोटावर. सहा वर्षांत या अंगणात तिला कुणी "बस" म्हटलं नव्हतं. आजचा बावन्नावा दिवस. तिला वाटलं, का नाही? एखाद्या वेळी लहरी पाळीसुद्धा खऱ्या कारणानं थांबत असेलच की.

अकराच्या सुमाराला ती न्हाणीघरात गेली, तेव्हा कपड्यावर डाग दिसला.

लहानसा होता. ती बघत राहिली. पहिल्या दिवसांत असं थोडं रक्त कधीकधी जातं, हे तिनं वाचलं होतं. त्या ओळी तिला पाठच होत्या. पण ओटीपोटात जी ओळखीची, आतून मूठ आवळल्यासारखी कळ आली, ती कुठल्या ओळीत बसत नव्हती. तिनं पर्समधलं पॅड काढलं. एवढं सगळं असूनही ते ती बरोबर घेऊन आली होती.

दारावर थाप पडली. "वहिनी, उघडा ना, लवकर!"

दासोम आत घुसली ती थेट कमोडवर वाकली. बाहेर किमचीत घालायची कालवं धुवायला घेतली होती, त्यांचा वास तिच्यामागून आत आला. हेरिमनं तिचे केस मागे धरले, पाठ चोळली. चोळता चोळताच तिचा हात थांबला.

"किती दिवस?"

"चाळीस." दासोमनं तोंड पुसलं. "माझी तारीख कधीच चुकत नाही, वहिनी. तिसऱ्याच दिवशी कळलं मला. पट्टीवर लगेच दोन रेघा आल्या."

लगेच. हेरिमला आपल्या अकरा एकट्या रेघा आठवल्या.

"तो?"

"सैन्यात गेला, फोन उचलत नाही. काढून टाकायला गुरुवारी दवाखान्यात नंबर लावलाय. मैत्रीण येणार आहे बरोबर." तिची नजर बेसिनवरच्या पॅडच्या रिकाम्या वेष्टनावर गेली. "तुम्हाला आली?"

"आत्ताच."

दासोमचा चेहरा पांढराफटक पडला. "आईला सांगू नका, वहिनी. तुमचं नाही म्हटल्यावर ती मासा शोधत बसेल. एकेकीकडे बघेल. गुरुवारपर्यंत तरी..."

हेरिमच्या तोंडून तिला नको असताना निघून गेलं, "दासोम, तू ते मूल मला..."

"नको, वहिनी." दासोमनं तिचा हात धरला. "नका विचारू."

हेरिमनं विचारलं नाही. वेष्टन चुरगाळून पर्समध्ये टाकलं, पोरीच्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "आधी मी जाते. तू जरा वेळानं ये. कालवांपासून लांब बस."

अंगणात सासूबाईंनी उकडलेल्या मांसाचा मऊ तुकडा मसाला लावलेल्या कोबीच्या ताज्या पानात गुंडाळून स्वतःच्या हातानं तिला भरवला. "दोघांचं खा," म्हणाल्या. तिनं खाल्लं. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा चूनजाकाकू म्हणाल्या, "मुलगाच बघ, तिखट सोसवत नाहीय." तिनं हसूनही दाखवलं. आता खोटं एका दिवसात संपणार नव्हतं, हे तिला कळून चुकलं. गुरुवार जाईल, मग केव्हातरी तिलाच सांगावं लागेल की राहिलेलं गेलं. जे कधी नव्हतंच, त्याच्यासाठी सासूबाई रडतील, औषधी काढे पाठवतील, देवळात दिवा लावतील. आणि म्योंगसुक म्हणेल, एवढे लाड करूनही?

संध्याकाळी ग्यूसिकनं गाडी काढली. तिचा नवरा बोलका नव्हता, पण आज वाटेतल्या प्रत्येक उंचवट्यापाशी जवळजवळ थांबत होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढे निघून जात होत्या.

"मुलगी झाली तरी चालेल मला," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "काकूंचं मनावर घेऊ नकोस."

त्याला सांगावं असं तिच्या अगदी ओठांशी आलं. पण तो रोज रात्री आईला फोन करायचा, आणि आईपासून काही लपवणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. कळ आली तशी तिनं ओटीपोटावर हात दाबला. ते त्याला दिसलं. त्यानं एक हात सोडून तिच्या हातावर अलगद ठेवला, आणि तिनं तो तसाच राहू दिला.