टेबलावरून पडलेला उस्ताद

बटण पितळेचंच होतं, पण चार वर्षांच्या धुळीनं त्याला असं काही राखाडी लोकरीचं अस्तर चढवलं होतं, की फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला ते आधी मेलेलं झुरळच वाटलं. त्यानं झाडूनं ढकललं, तर ते घरंगळत, वळण घेत, थेट लेखकाच्या चपलेला येऊन टेकलं… जणू हजेरी द्यायला.

"काका, तुमचं आहे का हे?"

माझं? — लेखक खाली वाकला, कमरेतून कळ आली, आणि त्या कळेबरोबर सकाळपासून धुमसत असलेला संताप पुन्हा वर आला. आजच सापडायचं होतं याला! चार वर्षं गुपचूप बसलास आणि नेमका आज…

आज, कारण सकाळी प्रकाशकाचा फोन आला होता. "सर, संध्याकाळपर्यंत सांगा. उस्ताद परत येणार असेल तर पुढचं पुस्तक. नाहीतर मालिका इथंच आटोपू. लोकांना तुमची अवकाशयानं नकोत हो, तोफा नकोत, त्यांना उस्ताद हवाय." "तो मेलाय," लेखक म्हणाला होता. "विज्ञानकथा आहे ना सर? मग मेलाय ही काय अडचण झाली? एखाद्या पेशीतून उगववा, जुळा भाऊ काढा. नाव तेच, शिव्या त्याच. वाचकाला काय कळतंय!"

नाव तेच, शिव्या त्याच. म्हणजे आयुष्यभर एवढे ग्रह बेचिराख केले ते याच्यासाठी.

लढाई त्याला नुसती कागदावर कधी जमली नाही. आधी ती जेवणाच्या टेबलावर मांडावी लागे — मीठदाणी हे सेनापतीचं जहाज, बाटल्यांची बुचं म्हणजे शत्रू, चमचे म्हणजे तोफखाना, आणि हे पितळी बटण म्हणजे उस्ताद, यानावरच्या पोरांना कवायत शिकवणारा, शिव्या देत देत जगवणारा म्हातारा. टेबल म्हणजे अवकाश. टेबलावरून जे पडलं ते मेलं; उचलून परत ठेवायचं नाही. एकदा बायकोनं ताटं मांडताना अख्खी तिसरी तुकडी कोपरानं गारद केली होती, आणि नेमक्या त्याच प्रकरणाला 'युद्धाच्या निर्दय योगायोगाचं भेदक दर्शन' म्हणून पारितोषिक मिळालं होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या स्वतःच्याच बाहीचा धक्का लागला. टण्… मग घरंगळण्याचा आवाज… मग काही नाही. त्यानं पेन उचललं आणि उस्तादला मारलं. तितकं चांगलं पान त्याच्या हातून पुन्हा उतरलं नाही.

सभांमधून तो आपल्या फौजेतल्या दिवसांची हकिकत सांगे. त्यातली गोळी दरवेळी छातीच्या थोडी आणखी जवळून जाई. गेल्या सभेत तर तिनं खिशातली बिडी पेटवली होती. खरं म्हणजे तो गणवेशाच्या भांडारात कारकून होता. गोळी नाही, डांबरगोळ्या. आणि उस्ताद — खराखुरा, ज्यानं या कारकुनालाही मैदानावर पळवून पळवून माणसात आणलं — तो लढाईत गेला नाही. पीठ आणायला निघालेल्या ट्रकमधून पडला. झालं. त्याचा ओव्हरकोट भांडारात परत आला, कारण कोट चांगला होता, आणि चांगला कोट पुढच्या माणसाला द्यायचा असतो. मीच तो धुवायला टाकला. मीच वरचं पितळी बटण कापून खिशात घातलं, आणि डब्यातलं दुसरं लावलं. आठवड्याभरात तो कोट एका नव्या रंगरुटाच्या अंगावर… बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, आरशापुढे उभा राहून खिदळत होता लेकाचा. कोट तोच.

नाव तेच, शिव्या त्याच!

"सापडला वाटतं तुमचा उस्ताद," बायको ओला हात पदराला पुसत म्हणाली.

"तो मेलाय."

"मेलाय कसला? फ्रिजखाली होता."

"टेबलावरून पडला की मेला. नियम आहे."

"नियम तुमचाच ना, जनरलसाहेब? मला वाटलं होतं, जरा वाकून बघाल. तर म्हणालात कंबर दुखतेय… आणि मारून टाकलंत की हो माणसाला!"

मिस्त्री खदखदून हसला. लेखकाला काहीतरी जळजळीत बोलायचं होतं. त्यानं बटण मुठीत आवळलं. कंबर दुखत होती हे खरं होतं. पण ट्रकमागे, खऱ्या उस्तादसाठी, कोण वाकलं होतं?… त्याला तरी कोणी…

मिस्त्रीनं खटका दाबला. फ्रिज थरथरला आणि घरघरू लागला — खोल, संथ, न थांबणारी घरघर. लेखक फ्रिजकडे बघतच राहिला. ही घरघर चार वर्षं उस्तादच्या डोक्यावर. गच्च अंधार, वर इंजिन, कोणाचा हुकूम नाही, सुटका नाही… आणि हा आपला पहाऱ्यावर.

त्यानं बटण सदऱ्यावर घासलं. आतून पिवळं काहीतरी डोकावलं. मग ते त्यानं टेबलावर ठेवलं. मधोमध नाही, अगदी कडेला, जिथं ते राहीलही आणि जाईलही.

टेबलावरचा फोन वाजू लागला.

"अहो, घ्या ना! प्रकाशकाचाच असेल."

घ्यायला हवा होता. दोन्ही उत्तरं त्याच्या तोंडाशी होती, आणि सकाळपासून जपलेला राग कुठं ठेवला ते काही केल्या आठवेना. फोन वाजत राहिला, त्याच्या हादऱ्यानं टेबल किंचित थरथरलं, बटणही थरथरलं… आणि त्याच्या लक्षात आलं, की आपला डावा हात केव्हापासून टेबलाच्या कडेखाली पसरलेला आहे, तळवा वर करून. आणि कंबर दुखत असूनही आपण वाकलेलो आहोत.