टोल्याची धार

कोरपन्याजवळच्या एका गावात नळ सोडायचं काम श्रावणकडे होतं. आधी गावाची पाळी, मग गोंडांच्या टोल्याची, म्हणजे बाजूच्या वस्तीची. टोल्यावर धार करंगळीएवढीच येई. तोवर टाकी अर्धी होते, म्हणून असं होतं, असं श्रावण सांगे. श्रावण टाकीचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, पुरता उघडतच नाही, असं टोलेवाले म्हणत.

टोल्यावरच्या सुकरीबाईने शाळेतल्या ज्योत्स्नाला गाठलं. ज्योत्स्ना गावातल्या दादाजींची मुलगी, विज्ञान शिकवायची. श्रावणचा संशय तिलाही होताच. तिने ड्रमला तळाशी भोक पाडलं, वरून पाणी ओतत पातळी एका जागी धरली आणि सुकरीबाईसमोर बादली भरायचा वेळ मोजला. ड्रम भरलेला असताना चाळीस सेकंद लागले. अर्ध्यावर ऐंशी लागतील असं सुकरीबाईला वाटलं, पण लागले सत्तावन्न.

म्हणजे टाकी अर्धी झाली तर वेळ दीडपटही व्हायला नको. नळयोजना सुरू झाली त्या दिवशी भरल्या टाकीवर टोल्याची बादली मिनिटात भरली होती. आता तीन मिनिटं लागत होती; एवढा फरक अर्ध्या टाकीने पडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी टाकीवर गेल्या. श्रावणने वॉलचा दांडा ज्योत्स्नाच्याच हातात दिला. तिने वॉल पूर्ण उघडला. टोल्यावर तरीही तीन मिनिटंच लागली.

"मंग पाणी जाते कुठी?" सुकरीबाईने विचारलं.

दोघी टोल्यापासून पाइपलाइनीच्या कडेने मागे चालत आल्या. वाटेत त्याच लाइनीवर शाळेचा नळ होता. तिथे बादली दीड मिनिटाच्या आतच भरली. शाळा आणि टोला यांच्यामध्ये एकच वावर होतं, दादाजींचं मिरचीचं शेत. ज्योत्स्ना बांधाकडे वळली. सुकरीबाई तिच्याकडे पाहत होती. बांधाजवळ माती ओली होती. ज्योत्स्नाने उकरलं, तर मोठ्या पाइपातून एक काळी नळी मिरचीकडे गेलेली दिसली.

तिने वडिलांना बोलावलं. "बाबा, हे तुम्ही केलं?"

"मिरची वाळून राह्यली होती," दादाजी म्हणाले. "दोन महिन्यांचीच तर गोष्ट होती. तू घरातली आहेस ना?"

ज्योत्स्नाने त्यांच्यासमोरच नळी कापली आणि मोठ्या पाइपाचं भोक बंद करून घेतलं. महिनाभर दादाजी तिच्याशी बोलले नाहीत.

टोल्यावर बादली आता वेळेत भरते. श्रावणची माफी मात्र कोणी मागितली नाही. आणि सुकरीबाई अजूनही दर दोन दिवसांनी त्या बांधावर येते, माती हाताने चाचपून पाहते. ज्योत्स्ना दिसली तर हसते, पण चाचपणं थांबवत नाही.