सैल धरलेला दोर

मी नायलॉनचा दोर. बोलायला कोणी सांगितलं नाही, तरी बोलतोय. आमच्याकडे मोठी माणसं बोलत असली की बाकीच्यांनी गप बसायचं असतं. मी पुष्कळ गप बसलो.

अंजनगाव सुर्जीच्या बाजारातून मला सूर्यभाननं आणलं, कापसाच्या ट्रॉलीसाठी. ट्रॉलीवर कापूस चढला की वर ताडपत्री टाकायची आणि मला आवळायचं. सूर्यभान चाकाला पाय लावून ओढायचा आणि गाठ मारून झाली की आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं की नाही. "बैलजोडी लावा, ही गाठ सुटत नाही," असं म्हणायचा. गाठ चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण त्या माणसाला एवढंच येत होतं. ट्रॉली असो, म्हैस असो, घरचं माणूस असो, आवळायचं.

चंदा त्याची पोरगी. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी बसली. का सोडलं, हे घरात एकानंही विचारलं नाही. आता काय करायचं, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं.

धरणावरचं बोटिंग बंद पडलं, तेव्हा शिडाची एक छोटी फायबरची नाव काठावर पालथी पडून राहिली होती. चौकीदार चंदाला म्हणाला, घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल. नावेचे दोर कुजले होते, म्हणून तिनं मला गोठ्यातून उचललं.

सूर्यभान म्हणाला, "ऐतवारपर्यंत चालव. नाही चालली त सोमवारी नाव भंगारात, अन् तू अकोल्याले आत्याकडं, पार्लरच्या क्लासले."

"अन् चालली त?"

"चालत नाही न."

चंदाला पोहता येत होतं, नावेतलं काही येत नव्हतं. तिची मैत्रीण माया मोबाइलवर व्हिडिओ लावून काठावर बसायची. दोघींनी डोलकाठी उभी केली, तिच्या तारा ताणल्या आणि शीड उलटं चढवलं.

"चंदे, तुझं शीड शीर्षासन करून राहिलं वं!"

"दात नको काढू. व्हिडिओ मागं घे."

शीड सुलट झालं. त्याच्या खालच्या आडव्या काठीला माझं एक टोक बांधलं. दुसरं टोक कुठं बांधायचं, ते काही दिसेना. मायानं पुन्हा पाहिलं. "हे बांधाचंच नाही म्हणते. हातात धराचं. वारा वाढला की सैल सोडाचं, मंग नाव सरळ होते."

माझा विश्वास बसला नाही. सैल सोडल्यानं काही सरळ होतं, हे मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

ऐतवारी सूर्यभान धरणावर आला. मला लोंबताना पाहून त्याचं डोकं फिरलं.

"हे काहून लोंबून राहिलं?"

"ते हातात धराचं असते, बाबा."

"अन् हात सुटला त? जिंदगी गेली माही बांधण्यात, मोबाइल शिकवते का मले?"

त्यानं नावेला पाय लावून मला ओढलं, आतल्या कडीला गाठ मारली आणि आजूबाजूला पाहिलं. चंदानं हात पुढं केला आणि मागं घेतला. आमच्याकडे बापाच्या हातातून दोर घेत नाहीत. ही आमची संस्कृती.

चंदाला घेऊन नाव थोडी पुढं गेली आणि सातपुड्याकडून वाऱ्याचा झोत आला. शीड फुगलं, नाव कलली. चंदा गाठीशी झोंबली, पण गाठ सूर्यभानची होती. नाव आडवी झाली.

अंगात बोटिंगचं जुनं नारिंगी लाइफ जॅकेट होतं, त्यामुळे चंदा लगेच वर आली. काठ जवळच होता. सूर्यभान कपड्यांनिशी पाण्यात शिरला होता. दोघांनी नाव उथळात ओढली. शीड पाण्यानं जड झालेलं, मी ताठ. त्यानं ओल्या गाठीला नखं लावली, दात लावले. सुटेना. मग ओरडला, "झालं! उद्या भंगारात!"

"माया, चौकीदाराचा विळा आण," चंदा म्हणाली. मग बापाकडे वळली. "बाबा, आता तुमी हात लावू नका."

त्या घरात हे वाक्य आधी कुणी बोललं नव्हतं. सूर्यभान काठावर जाऊन बसला. चंदानं मला गाठीजवळ कापलं. दुखलं, पण बरं वाटलं.

पाणी उपसून ती पुन्हा एकटी निघाली. मी तिच्या मुठीत. झोत आला तसं तिनं मला सैल सोडलं. तिचा तळवा सोलवटून मी सरकलो, शीड फडफडलं आणि नाव खरंच सरळ झाली. समोरच्या बाभळींपर्यंत जाऊन ती वाकड्यातिकड्या वाटेनं परत आली.

सूर्यभान शाबास म्हणाला नाही. सोमवारी अकोल्याला मात्र कुणी गेलं नाही.

आता मी आखूड झालोय. कापलेलं टोक मायानं काडी पेटवून वितळवलं, म्हणून पीळ उकलत नाही. मोठ्या माणसांनो, तुमच्यावर माझा राग अजून आहे. पण सांगून ठेवतो, मुठीतला सैल दोर म्हणजे सुटलेला दोर नव्हे. एकदा धरून बघा.

परवा सूर्यभान स्वतःहून नावेत येऊन बसला. चंदानं मला त्याच्या हातात दिलं. त्यानं सवयीनं मला मनगटाला गुंडाळायला घेतलं, तिनं त्याच्या हातावर चापट मारली. वारा वाढला. नाव कलायला लागली. म्हातारा पोरीच्या तोंडाकडे बघत होता.

"किती सोडू वं?"

"सांगीन तेवढा."

त्यानं सोडला.