तीनदा क्रूस, चौथ्यांदा मी

मी एक जुना खटका आहे. पितळी जीभ, काळा बेकेलाइटचा बुडखा आणि पोटात एक स्प्रिंग. जीभ वर केली की वीज वाहते, खाली पाडली की थांबते. एवढेच माझे शिक्षण. पण मित्रांनो, एवढ्याशा शिक्षणावर मी सिनेमा दाखवला, मोटरसायकलवर बसून डोंगर चढलो, आणि आता रुमानियाच्या या डोंगरात एका लाकडी क्रूसावर चाकरी करतो आहे. माझी कहाणी सांगतो. दिवसभर इथे मला दुसरा उद्योग तरी कुठे आहे?

माझा जन्म एका शहरातल्या कारखान्यात झाला. तिथून माझी रवानगी थेट पोयेनी गावच्या सिनेमाघरात झाली. तिथे गाव्रिला नावाचा तरुण पडद्यावर सिनेमा दाखवायचा. यंत्राचा दिवा माझ्या ताब्यात होता. शनिवारी सारे गाव सूर्यफुलाच्या बिया फोडत बसायचे, गाव्रिला मला वर करायचा, आणि खट्ट आवाजासरशी समोर समुद्र दिसू लागायचा. पोयेनीत कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. तो मी दाखवला, असे मी मनात धरून चालतो.

कधी फिल्म तुटायची. मग ती दिव्याच्या उष्णतेने जळू नये म्हणून गाव्रिला मला झटकन खाली पाडायचा. अंधारात शिट्ट्या सुरू व्हायच्या.

"अरे गाव्रिला, ती बाई अजून पाण्यातच उभी आहे. सर्दी होईल ना तिला."

"होऊ दे. तुझ्या बायकोचा काढा पाजू," गाव्रिला आतून म्हणायचा, आणि सारे हसायचे. काय दिवस होते ते!

पुढे सिनेमाघर बंद पडले. यंत्र भंगारात निघाले तेव्हा गाव्रिलाने स्क्रू काढून मला खिशात टाकले आणि घरामागच्या शेडमध्ये पेपरमिंटच्या डब्यात ठेवले. त्या डब्यात मी वीस वर्षे काढली. माझ्या सोबतीला वाकडे खिळे होते. गाव्रिला काहीही फेकत नसे. आता तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आणि डब्याच्या फटीतून मला त्याचे केस पांढरे होताना दिसायचे.

त्याची एकुलती एक मुलगी वेतुरिया. ती गुरांची डॉक्टर झाली. उन्हाळ्यात गावच्या मेंढ्या वर डोंगरातल्या मेंढवाड्यांवर जातात, आणि मेंढ्यांमागून डॉक्टरला जावेच लागते. वेतुरिया मोटरसायकलवरून जायची. गिरणीच्या पुलापासून काही अंतर डांबरी रस्ता, मग एक जुना लाकडी क्रूस, आणि क्रूसापासून वर नुसती खडी. ती परत येईपर्यंत गाव्रिलाचा जीव थाऱ्यावर नसायचा. हातात पाना असला तरी कान पुलाकडे. ती फाटकातून ओरडायची, "उतरले हो, बाबा." मग कुठे तो मामालिगाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट पेजेचे, पातेले चुलीवर ठेवायचा. गाव्रिलाची बायको वारल्यापासून त्या घरात ही दोघेच होती.

एक दिवस वेतुरिया आली ती हनुवटी सोलून.

"ब्रेक दाबला नव्हतास?" गाव्रिलाने विचारले.

"दाबला होता, बाबा. मी धरत होते आणि गाडी सोडत होती."

त्याचे असे होते, मित्रांनो. तिच्या गाडीत एबीएस होते. चाक अडकून घसरू लागले की ते ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा धरते. डांबरावर त्याच्यासारखा रक्षणकर्ता नाही. पण उतारावरच्या सुट्या खडीत चाकाने जरा अडकून माती उकरायला हवी असते, तेव्हा कुठे गाडी थांबते. तिथे हे शहाणे एबीएस ब्रेक सोडतच राहते आणि गाडी सरळ दरीकडे निघते. त्या दिवशी एका झुडपाने वेतुरियाला अडवले होते. झुडपे काय, सगळ्याच वळणांवर नसतात.

गाव्रिला दोन दिवस त्या गाडीभोवती फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने पेपरमिंटचा डबा उघडला.

त्याने मला एबीएसच्या तारेत जोडले आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी बसवले. मग पोरीला समोर उभे केले. "नीट ऐक. खडीवर हा खाली, डांबरावर हा वर. वर जाणारी विसरत नाही, कारण भीती असते. परतणारी विसरते, कारण घर दिसायला लागतं. म्हणून क्रूसापाशी थांबायचं. तिथे थांबतेसच ना तू?"

"थांबते."

"मग तीनदा क्रूस कर, आणि त्याच हाताने चौथ्यांदा हा."

इकडची माणसे वाटेवरच्या क्रूसापुढून छातीवर क्रूस केल्याशिवाय जात नाहीत. शिव्या देत गाडी हाकणारासुद्धा तेवढ्यापुरता थांबतो. त्यामुळे गाव्रिलाची युक्ती पक्की होती. दोन उन्हाळे वेतुरियाचा हात एकदाही चुकला नाही. कपाळ, छाती, उजवा खांदा, डावा खांदा, असे तीनदा, आणि मग मी. ते माझे सोन्याचे दिवस. मेंढपाळ माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "डॉक्टरबाई, हे काय?" ती म्हणायची, "हे माझे बाबा." मी पितळेचा, तरी मला भरून यायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात मरियमेचा सण तोंडावर आला होता. क्रूसाचा रंग उडाला होता, त्याच्यावरचे छप्पर कुजले होते, आणि गावात असले काम गाव्रिलाखेरीज कोण करणार? सकाळी वेतुरिया वर गेली. क्रूसापाशी थांबली, मला खाली पाडले. तासाभराने गाव्रिला शेजाऱ्याची घोडागाडी घेऊन आला, क्रूस उपटला आणि रंगवायला शेडमध्ये घेऊन गेला. त्याच्या मनात सणाशिवाय दुसरे काही नव्हते.

दुपारी पाऊस झाला. वेतुरिया भिजलेली, दमलेली, खूर सडलेल्या चाळीस मेंढ्या तपासून उतरत होती. आमच्या पुढ्यात एबीएस बंद असल्याचा पिवळा दिवा होता, पण त्यावर चिखल बसला होता. खडी संपली, डांबर लागले. तिचा हात क्रूस दिसला की उठायचा. क्रूसच नव्हता. हात उठला नाही.

मित्रांनो, खटक्याला आपली जीभ आपण हलवता येत नाही. याचे दुःख मला त्या दिवशी कळले.

पुलाच्या वळणावर गवताची गाडी आडवी होती. तिने ब्रेक दाबला. ओल्या डांबरावर चाके अडकली, आणि आम्ही दोघे आडवे घसरत पुलाच्या कठड्यावर आदळलो. तिचा पाय गाडीखाली सापडला आणि दोन ठिकाणी मोडला. कठडा नसता तर आज ही गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता.

तिला इस्पितळात नेले. लोकांनी गाडी शेडमध्ये आणून टाकली. संध्याकाळी गाव्रिला इस्पितळातून परतला. त्याने माझ्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"खाली आहे," तो म्हणाला. मग त्याने मागे वळून पाहिले. अर्धा रंगवलेला क्रूस त्याच्याच बाकावर पडला होता. तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या तारा पकडीने तोडल्या. मी पुन्हा खिळ्यांच्या डब्यात आलो. त्याने क्रूस सणाआधी जागेवर नेऊन रोवला, पण शेडमध्ये हातोडा वाजेना.

दोन महिन्यांनी वेतुरिया कुबड्या घेऊन शेडच्या दारात उभी राहिली.

"खटका कुठाय, बाबा?"

"नदीत टाकला."

"तुम्ही? वाकडा खिळा टाकवत नाही तुम्हाला."

"तो पुन्हा बसणार नाही. मीच माझ्या हाताने तुला मारत होतो."

"बाबा, मेंढ्या काही खाली येऊन तपासून घेणार नाहीत. पाय बरा झाला की मी जाणार. खटका नसला तर खडीवर मरेन, असला तर डांबरावर. बसा आता दोष मोजत, नाहीतर काहीतरी करा."

गाव्रिलाने तिच्या कुबड्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "हट्टी आईवर गेलीस." आणि चष्मा शोधू लागला.

हिवाळाभर खपून त्याने नवी जोडणी केली. एक छोटेसे बटण. दाबले की एबीएस बंद, पण गाडीची किल्ली फिरवली की ते आपोआप पुन्हा चालू. "क्रूसापाशी फक्त गाडी बंद करून चालू करायची. आणि विसरलीसच, तर एबीएस बंद आहे हे सांगायला पुढ्यात घंटी वाजेल," तो म्हणाला. त्या जोडणीत माझ्यासारख्याचे काही काम नव्हते. मला वाटले, आता जन्म डब्यातच जाणार.

पण बर्फ वितळल्यावर गाव्रिला मला घेऊन क्रूसापाशी आला आणि दोन स्क्रूंनी मला त्याच्या खांबावर घट्ट बसवले. पाद्री तिथून चालले होते.

"गाव्रिला, देवाला खटका कशाला?"

"देवाला नाही, फादर. आम्हाला. देव विसरत नाही."

जाताना पाद्रींनी मला एकदा वर-खाली करून पाहिले.

तेव्हापासून मी इथे आहे. मला एकही तार जोडलेली नाही. तरी वर जाणारा मला खाली पाडतो आणि उतरणारा वर करतो. लाकूड वाहणारे, मेंढपाळ, मोटरसायकलवाले, सगळे. तीनदा क्रूस, चौथ्यांदा मी. रंगवायला म्हणून क्रूस आता कुणी उपटत नाही. रंग इथेच, जागेवर देतात.

गाव्रिला जाऊन दोन हिवाळे झाले. थंडीत माझी जीभ गोठते. कुणी आठवणीने मेंढीच्या चरबीचे बोट लावले तर बरे वाटते. माझे मागणे तेवढेच. आणि तुमच्यासाठी एक सांगतो. गरजेपोटी एखादी रखवाली बंद करावी लागली, तर खुशाल करा. पण ज्या हाताने बंद केली, त्याच हाताने परत चालू करा. खाली तुमच्या गाडीच्या आवाजाकडे कुणीतरी कान लावून बसलेले असते.

वेतुरिया आता जरा लंगडते. तिची नवी गाडी आहे, तिला कारखान्यातूनच तसले बटण आले आहे. तरी उतरताना ती इथे थांबते, क्रूस करते, मला वर करते. शेडमध्ये आता कुणी वाट पाहत नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. ती माझ्यावर अंगठा तसाच ठेवून हळूच म्हणते, "उतरले हो, बाबा."