बिल्डरची जाड भिंत
भावाची घासाघीस सुरू झाली की नवरा हळूच काढता पाय घेतो, याचा आजीला भारी संताप. आजही नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरशी ती एकटीच झुंजत होती. दोन लाख उतरले तरच घर परवडणार होतं.

बिल्डरने भिंत थोपटली. "मावशी, शेजारी ढोल बडवला तरी ऐकू येणार नाही."

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमधून संथ, भरदार घोरणं ऐकू आलं. आजीने ते लगेच ओळखलं.

"ढोल राहू दे बाबा, आधी हे थांबव," ती म्हणाली.

बिल्डरला हसू आवरेना. "घ्या, दोन लाख कमी."

शेजारी जाऊन तिने गार फरशीवर पसरलेल्या नवऱ्याला हलवलं. "उठा. एवढ्या संसारात पहिल्यांदाच भाव पाडलात, आणि तोही झोपेत."