पकड राहिली तो दिवस

मित्रांनो, कुकरची शिट्टी तुमच्या ओळखीची असेलच. मी तिचा थोरला काका. मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या बॉयलरच्या माथ्यावर बसवलेला. वाफेचा दाब मर्यादेबाहेर गेला की उघडायचं, वाफ सोडायची आणि कानठळ्या बसतील असं ओरडायचं, हेच माझं काम होतं.

मी आलो तेव्हा कोळसा फावड्यांनी भट्टीत लोटत. माझ्या देखत सरकते पट्टे आले, कोळशाचं पीठ करणाऱ्या गिरण्या आल्या, धुरातली राख पकडणारी यंत्रं आली. प्रत्येकाचं कोण कौतुक! माझ्या वाट्याला मात्र बोलणीच. बॉयलर चालवणाऱ्या ताई तर म्हणायच्या, "झालं याचं सुरू! मेला जरा गप्प बसेल तर शपथ." मला फार वाईट वाटे.

दरवर्षी बॉयलर थंड करून त्यात दाबाने पाणी भरत, कुठे गळतंय का ते पाहायला. तेव्हा मी उघडू नये म्हणून मिस्त्री माझ्यावर लोखंडी पकड आवळत आणि चाचणी झाली की काढत. एका वर्षी चाचणी संपते न संपते तोच त्यांना निरोप आला, लेक बाळंत झाली. मिस्त्री हरखून तसेच दवाखान्याकडे धावले. पकड माझ्यावर तशीच राहिली.

भट्टी पेटली. मी नीट उघडतो का ते पाहायला रिवाजाप्रमाणे ताईंनी दाब वाढवत नेला. माझी वेळ आली. मी जिवाच्या आकांताने जोर लावला, पण तसूभरही हलेना. खाली माणसं काम करत होती. बॉयलर फुटला तर?

ताईंनी दाबाच्या काट्याकडे पाहिलं आणि त्या ताडकन उठल्या. "अगं बाई, हा ओरडला का नाही? कोळसा बंद करा! आधी आग विझवा!"

दाब उतरला. पकड राहिल्याचं आठवताच दवाखान्यातून धापा टाकत आलेल्या मिस्त्रींनी पकड काढली आणि ते तिथेच मटकन बसले. "ताई, माझ्या हातून काय होऊन बसलं असतं हो!"

ताईंनी त्यांच्या हातातली पकड घेऊन बाजूला ठेवली. "नातीचं तोंड पाहिलंत ना? मग उठा आता. पुन्हा पेटवायचंय, आणि या वेळी तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा."

आता मी निवृत्त होऊन प्रशिक्षणाच्या खोलीत टेबलावर बसलेला असतो. मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात सारखं ओरडून सांगणारं कुणीतरी असेल. वैतागा, खुशाल भांडा. पण एखाद्या दिवशी ते अचानक गप्प झालं, तर हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे जा.