चार बोटांचं अंतर

हे मी सांगायचं नव्हतं. कासाबाई आजीनं काल सगळ्या घराला तशी तंबी दिलीय, आणि मीही याच घरातली. पण माझ्याकडे कोण लक्ष देणार? मी एक लाल रिबीन आहे, निकिताच्या डाव्या वेणीची.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो ताडकळसचा बाजार. मुंजाजी आजोबांनी मला ताणून पाहिलं आणि दुकानदाराला विचारलं, "रंग जातो का? आमची पोरगी लय नीटनेटकी हाय."

निकिताचे बाबा, अमृत, कतारमधल्या दोह्यात गाडी चालवतात. एकदा शाळेत तिनं मला सोडून पृथ्वीच्या गोलावर, बाबांचं विमान उतरतं त्या हैदराबादपासून दोह्यापर्यंत धरलं. मी चार बोटं भरले. बाई म्हणाल्या, जवळजवळ तीन हजार किलोमीटर, विमानाला चार तास. घरी तिनं ती चार बोटं आजोबांना दाखवली.

"एवढंच? मग तुझा बाप जेवायला का येत न्हाई?" आजोबा हसले. पुढं फोनवर ते बाबांना हेच ऐकवायचे, "चार बोटावर तर हाईस."

काल सकाळी निकिता शाळेसाठी मला गाठ मारत होती, तेव्हा ओसरीवर आजोबा बसल्या जागी कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आजी आधी रडली नाही. म्हणाली, "अमृतला खरं सांगू नका. परक्या मुलखात एकटा हाय. तब्येत बिघडली म्हणा." आमच्याकडे असंच करतात. दूरच्या माणसाला घरी येऊ देतात, मग सांगतात.

बाबांच्या धाकट्या भावानं, गोपाळकाकांनी, फोन लावून तसंच सांगितलं. फोनमधून बाबा म्हणाले, "बापू दवाखान्यात हाईत ना? मग संध्याकाळच्या विमानानं निघतो. बापूसाठी कानाची मशीन सांगितलीय, तेवढी घेतो."

काकांनी आजीकडं पाहिलं. तिनं सांगू नको म्हणून मान हलवली. खरं कळलं असतं, तर बाबा सकाळच्याच विमानात बसले असते.

"संध्याकाळी बसला तरी चार तासात येतोय, थांबू," भावकीतलं कुणीतरी म्हणालं.

निकिता इतक्या माणसांत कधी बोलत नाही. दाराआडून म्हणाली, "चार तासात नुसतं हैदराबाद येतं. गावात यायला उद्याची दुपार होईल."

मग भावकी तिरडीच्या तयारीला लागली. दिवस मावळायच्या आत गोपाळकाकांनी अग्नी दिला. तो थोरल्या मुलाचा, बाबांचा मान होता.

आता दुपार झालीय. आजोबांच्या जागेवरचा दिवा आजीनं आतल्या खोलीत ठेवलाय, दारातून एकदम दिसू नये म्हणून. कालची वेणी अजून तशीच आहे. निकिता माझं टोक बोटांवर गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. बाबा आधी तिलाच विचारतील. तिला खोटं बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे.

फाट्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. निकितानं मला घट्ट ओढलं. तिनं मनाशी काहीतरी ठरवलंय. बाबांनी बापू कुठंयत असं विचारलं, तर ती आधी त्यांच्या हातातली मशीन घेणार आणि मग म्हणणार की—

आतून आजीची हाक आली, "निके, पाण्याचा तांब्या आण. बाप आला तुझा."